कोंबड्याचं आसन

३ एप्रिल, गुरुवार

जीवनचा फोन. सकाळी सातला! तोंडही धुतलं नव्हतं.

"दाजी, अख्खा पक्षी बिअरच्या डब्यावर बसवायचा. उभा. बाहेरून निखारे, आतून बिअरची वाफ. दीड तासात लोणी!"

जीवन म्हणजे सुवर्णाचा धाकटा भाऊ. सातपूरला त्याचं वर्कशॉप. दिवसभर लोखंड कापतो आणि डबा खाताना मोबाइलवर परक्या लोकांच्या शेगड्या बघतो.

"बसवायचा म्हणजे? डबा जातो कुठून?"

"दाजी, तुम्ही संस्कृत शिकलेले. तुम्हाला कसं सांगू!"

समजलो. दिवसभर तेच डोक्यात. योगात कुक्कुटासन आहे, पण त्यात माणूस कोंबड्यासारखा बसतो. कोंबड्यानं कशावर बसावं, याबद्दल आमचे सगळे ऋषी गप्प.

हो म्हणून टाकलं. बायकोच्या भावाला नाही म्हणायची सोय सप्तपदीत ठेवलेली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सुवर्णाकडे विषय काढला. हळू आवाजात, कारण आई. वडील गेले त्याला तेरा वर्षं झाली, तेव्हापासून आईनं मांसाहार सोडलाय. आम्हाला सोडायला लावला नाही, फक्त घराबाहेर काढला. मागच्या अंगणात पेरूखाली वेगळी चूल. वेगळी पातेली, वेगळी परात, वेगळी पळी, सगळं गोणीत बांधून पाण्याच्या टाकीमागे. गोणीतलं भांडं उंबऱ्याच्या आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. सीमाप्रश्न इतका स्वच्छ सुटलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सुवर्णानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. "रविवारी रामनवमी. सोमवार माझा. मंगळवारी एकादशी. गुरुवार तुमचा. शनिवारी हनुमान जयंती." बोट तेरा तारखेवर थांबलं. "हा रविवार मोकळा दिसतोय. त्या दिवशी मी बचत गटात. माझ्या डोळ्यांदेखत नको."

कोंबडीपर्यंत पोहोचायला एवढे देव ओलांडावे लागतात.

५ एप्रिल, शनिवार

ही वही खताच्या दुकानाची भेट. प्रत्येक पानावर शेतीचा एक सल्ला छापलेला. आजचा: "पाणी मोजून द्यावे." बिअरबद्दल काही नाही.

८ एप्रिल, मंगळवार

पिंपळगावला कांद्याची आवक बघून बातमी पाठवली. तीस वर्षं मी कांदा रडतोय किंवा कांदा रडवतोय, एवढंच आलटूनपालटून लिहितोय. येताना सातपूरला थांबलो.

शेगडी तयार! तेलाचा दोनशे लिटरचा ड्रम उभा चिरलाय, बिजागऱ्या लावल्यात. खालचं अर्धं शेगडी, वरचं अर्धं झाकण. पाय जुन्या लोखंडी खाटेचे. आत तेलाचा वास राहू नये म्हणून तीन दिवस लाकडं जाळून ड्रम पांढरा केलाय. झाकणाला दरवाज्याची कडी. म्हटलं, "कडी कशाला? कोंबडा पळून जाईल?" म्हणाला, "दाजी, तुमचा भरवसा नाही. दर पाच मिनिटांनी उघडून बघाल."

शालक म्हणून जन्मला, पण माणूस ओळखतो.

१० एप्रिल, गुरुवार

फोनवर भांडण. जीवन म्हणतो, दुकानातला ब्रॉयलर. मी म्हणतो, गावरान.

मी का म्हणतो याला कारण आहे. काल मखमलाबाद नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे चौकशीला गेलो होतो.

"पीस किती करू?"

"एकही नाही. अख्खी."

"अख्खी म्हणजे चार?"

"अख्खी म्हणजे एक. आणि साल ठेवायची."

त्यानं सुरी खाली ठेवली. आत बघून ओरडला, "अरे, पाव्हण्यांना सालीसकट पाहिजे!" दुकानातली तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. आमच्याकडे कोंबडी अख्खी आणि सालीसकट कधी कुणी मागतच नाही. साल पिसांबरोबर जाते आणि पीस रश्शाच्या हिशेबानं होतात. मला वाटलं, सालीसकट भाजायचीच रीत असेल तर ती गावरान कोंबड्याची. हळद लावून जाळावर धरलेला, पिवळाधमक!

जीवन म्हणाला, "दाजी, गावरान शिजायला वेळ घेतो."

मी म्हणालो, "जे लवकर शिजतं त्याला शास्त्रात पोहे म्हणतात."

जिंकलो.

११ एप्रिल, शुक्रवार

कळवणहून धोंडाबाई मावशीनं कोंबडा पाठवला. भाज्यांच्या टेम्पोत, मेथीच्या जुड्यांशेजारी, पाय बांधून. तांबडा, उंच, मान ताठ. पेरूला बांधला तर माझ्याकडे असा बघतो, जणू मीच त्याचा पाहुणा.

आई मागच्या दारात. "ह्यो कोण?"

"मावशीनं पाठवलाय. पाहुणा."

"पाव्हण्याचं पाय बांधतेत व्हय?"

तिनं उंबऱ्याच्या आतूनच बाजरीची मूठ फेकली. नेम चुकला नाही. वय एक्याऐंशी.

१३ एप्रिल, रविवार

आज अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. सगळं लिहिणार आहे.

सकाळी चिकनवाल्यानं कोंबड्याची पिसं काढून, हळद लावून सालीसकट जाळावर धरून दिला, पिवळाधमक, मला हवा तसाच. नऊला जीवन आला. एका हातात बिअरच्या डब्यांचं पुडकं, दुसऱ्यात मोबाइल. गुरुमहाराज त्यातच. आलं-लसूण, काळा मसाला, लिंबू, तेल असं सगळं चोळून कोंबडा तासभर सावलीत ठेवला. ड्रमच्या दोन्ही कडांना बाभळीचे निखारे, मधली जागा मोकळी, वर खरड छाटणीच्या वाळलेल्या द्राक्षकाड्या. धूर असा गोड की शेजारचा कुत्रा कंपाउंडवर येऊन बसला.

मग आसनविधी. डबा उघडायचा, अर्धी बिअर ओतायची. कुठे ओतायची ते जीवननं लगेच करून दाखवलं. डब्यावर कोंबडा बसवला. उभा राहिला! क्षणभर वाटलं, आता बोलेल. आणि आडवा. बिअर निखाऱ्यांवर! फुस्स! अर्धी शेगडी विझली.

दुसरा डबा तारेनं बांधला. कोंबड्याच्या वजनानं डबाच चेपला.

"ब्रॉयलर बसला असता, दाजी. त्याला बसायचीच सवय असते. हा जन्मभर चालत होता."

मला राग आला. आणि रागातच सुचलं (हे लिहून ठेवतो, मलाच सुचलं, जीवनला नाही) की याला आसनच चुकीचं दिलंय. बूड रुंद पाहिजे, गळा अरुंद. तांब्या!

गोणीत तांब्या नव्हता. मी घरात गेलो. सुवर्णा बचत गटात, आई झोपलेली. सुवर्णानं देवघर धुवायला काढलेलं, म्हणून सगळी तांब्या-पितळेची भांडी स्वयंपाकाच्या कट्ट्यावर पालथी. माझा चष्मा धुरानं माखलेला, तो बाहेर पेरूच्या फांदीला. हाताला लागला तो तांब्या उचलला. उंबरा ओलांडताना मनात आलं, हे आतलं बाहेर. म्हटलं, एकच तर तांब्या. घासून ठेवू.

अर्धा तांब्या बिअर. गळ्यावर कोंबडा. हलेना! कलशावर नारळ ठेवावा तसा शोभला. पूजेची सवय असलेले हात जोडले जाणार होते, मी खिशात घातले.

जीवनला शंका. "दाजी, तांब्यात आंबट कळकतं ना?"

"आपण कोंबडा खाणार, तांब्या नाही."

झाकण बंद. कडी.

अर्ध्या तासानं उघडलं. कोंबडा सोन्याचा झालेला, तेल ठिबकतंय, द्राक्षाचा धूर, बिअरची वाफ... मी चष्मा पुसून घातला आणि वाकून बघितलं. तांब्याच्या पोटावर, काजळीतून, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं:

खंडेराव.

वडिलांचा तांब्या. त्यांच्या एकट्याचा. त्यांच्या हयातीत दुसऱ्या कुणी त्याला ओठ लावला नाही. ते गेल्यापासून तो देवघरात असतो. वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली की आई हा तांब्या पाण्यानं भरून तिच्यावर ठेवते. आणि मी त्यात बिअर ओतून वर कोंबडा बसवला होता!

"काय झालं, दाजी?"

बोट दाखवलं. त्यानं वाचलं. त्याचाही चेहरा उतरला. मग झाकणाची कडी हातात धरून हळूच म्हणाला, "आत्ता उतरवला तर कोंबडा कच्चा राहील."

इथे खरं लिहायचं. मला उतरवता आला असता. चिमटा हातात होता. मी कोंबड्याकडे बघितलं. पाठीची साल नुकती फुगायला लागली होती.

म्हणालो, "लाव झाकण."

पाऊण तास! माहीत असून पाऊण तास.

मधेच आई उठून मागच्या दारात आली. आतच उभी. नाक वर केलं. "वास वळखीचा हे."

"धोंडाबाई मावशीचा कोंबडा, आई."

"असंल," म्हणाली आणि आत गेली.

कोंबडा? बाहेरून राजा, आतून खाटेची पट्टी. बिअरला लागून होतं तेवढं मांस खरंच लोणी. बाकी जीवन दोन्ही हातांनी ओढत होता आणि मी दुसरं टोक धरलं होतं. सुवर्णा आली, उभ्या उभ्या एक घास घेतला, बराच वेळ चावला. "छान आहे. आता याला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून चुलीवर दोन तास ठेवा."

ठेवला. रस्सा उत्तम झाला. दीड तासातलं लोणी असं संध्याकाळी सहाला मिळालं.

तांब्या टाकीमागे गोणीखाली लपवलाय.

१४ एप्रिल, सोमवार

बिअरचा एक डबा उरला. काल जाताना जीवननं तो फ्रिजमध्ये कोथिंबिरीमागे ठेवला आणि पळाला. उंबऱ्याच्या आत! आता आमच्या घरात नियम असा उरलेलाच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

चिंच, मीठ, राख, काथ्या. सकाळी आई पुढच्या दारी भाजी निवडत बसते तेवढ्या वेळात मागे बसून तांब्या घासला. जुनं वचन आहे, तांबं आंबटानं शुद्ध होतं. बिअर आंबटच असते! म्हणजे तांब्या विटाळत होता त्याच वेळी शुद्धही होत होता. या युक्तिवादावर काशीत मला शाल मिळाली असती. पण आईसमोर तो मांडायची छाती नाही.

काजळी निघाली. बुडाशी निळा-जांभळा डाग पडलाय, तो निघत नाही. गळ्यात नाक घातलं तर अजून काळा मसाला.

मान वर केली तर सुवर्णा. कमरेवर हात.

"हा तो आहे?"

"हो."

"आखाजीचा?"

"हो."

म्हणाली, "मी बचत गटात होते. मी काही पाहिलेलं नाही." आणि जाता जाता, "बातमीदार ना तुम्ही? छापा आता!"

१६ एप्रिल, बुधवार

आखाजी तीस तारखेला. चौदा दिवस.

हा तांब्या म्हणजे काय ते सुवर्णाला पुरतं माहीत नाही. मला माहीत आहे.

कळवणकडच्या आमच्या गावी वडील रोज दिवस मावळताना ओट्यावर बसायचे. हातपाय धुतलेले. शेजारी हा तांब्या, तोंडावर झाकणी. आम्ही पोरांनी शिवायचं नाही. चुकून धाकट्या बहिणीचा हात लागला तर केवढे ओरडले होते! डोळे मिटून घोट घोट घ्यायचे. मधे कुणाशी शब्द नाही. आणि उठायचे ते कसे? प्रसन्न! दिवसभर अबोल असलेला माणूस बैलांच्या गळ्यात हात टाकायचा. आईला "ठमाबाईसाहेब" म्हणायचा.

पुढे नाशिकला पाठशाळेत आलो. गुरुजींनी आचमन शिकवलं तेव्हा बाकीची मुलं पाठ करत होती आणि माझे डोळे भरून आले होते. हे तर आमच्या ओट्यावर रोज होतं! सही करताना अंगठा उमटवणारा शेतकरी आणि ही शुचिता! मी संस्कृतात टिकलो तो त्या ओट्याच्या जोरावर. हे खोटं नाही.

ते गेल्यावर वर्षश्राद्धाला मी पेपरात लेख लिहिला, 'सायंकाळचं आचमन'. छापून आला त्या दिवशी आईला वाचून दाखवला. तिनं पदर तोंडाला लावला. खांदे गदगदत होते, डोळ्यांत पाणी. पुढचं ऐकवेना तिला, उठून आत गेली. इतकी हललेली मी तिला कधी पाहिली नाही.

आणि तो तांब्या मी कोंबड्याखाली पाऊण तास.

१८ एप्रिल, शुक्रवार

तांब्या गुपचूप देवघरात नेऊन ठेवला. डागाची बाजू भिंतीकडे.

दुपारी आईचा आवाज. "रंगाऽ, ह्यो चकाकतोय."

"आखाजी जवळ आली ना. घासला."

"कुणी?"

"मी."

"तू?" तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी गगनात फूल उगवल्याचं सांगितलंय. "चोपन्न वर्सात एक वाटी घासली नाय तू."

खरं आहे. पुरावा नष्ट करताना पुरावाच तयार केला!

१९ एप्रिल, शनिवार

वहीवरचा सल्ला: "अतिरेक टाळावा." आता सांगतायत.

२१ एप्रिल, सोमवार

तांब्याला पुन्हा जुना करायचा उद्योग. ताक लावून उन्हात ठेवला तर हिरवा पडला. हिरवा काढायला लिंबू लावलं तर पुन्हा नवरदेवासारखा चकचकीत. शेवटी चुलीची राख तेलात कालवून फासली. आता पाच हजार वर्षं जुना दिसतोय. उत्खननवाले घेऊन जातील.

सुवर्णा: "अहो, त्याला एकदा मेकअप, एकदा भस्म. त्याचं नक्की लग्न आहे की संन्यास?"

२३ एप्रिल, बुधवार

आई आज देवघरापुढे बसून तांब्याकडे बघत होती. मला बघून म्हणाली, "बापावर गेलास बघ."

इतकं लागलं! तिला वाटतंय मी त्यांच्यासारखा निर्मळ. ती शाबासकी खिशात घेऊन दिवसभर बाजार समितीत फिरलो. आवक तीन वेळा चुकीची लिहिली.

२५ एप्रिल, शुक्रवार

संकट मोठं झालं.

जेवताना आई म्हणाली, "औंदा घागर तूच भर. माजं गुडघं वाकत नाय. तांब्या बी तूच ठेव. बापाचं नाव घिऊन."

आजवर ठरवलं होतं की ती भरेल, मी मागे उभा राहीन आणि मनातल्या मनात क्षमा मागेन. आता माझ्याच हातानं? ज्या हातानं झाकण लावायला सांगितलं त्याच हातानं त्यांना पाणी द्यायचं?

"नाय म्हनू नको," आई म्हणाली. मी म्हटलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

जीवन आला. पिशवीतून काढला तो नवा तांब्या. तेवढाच, तसाच. पोटावर मशीननं कोरलेलं: खंडेराव. स्पष्ट, सरळ, लग्नपत्रिकेसारखं.

"बदलून टाका, दाजी. कुणाला कळत नाही. जुना मी वितळवतो."

खोटं कशाला बोलू, हातात घेऊन बघितला. आईची नजर अधू आहे. काम झालं असतं. पण जुन्या तांब्याच्या काठाला वडिलांच्या खालच्या ओठाएवढी झीज आहे, बोट फिरवलं की लागते. नव्याला ती नाही.

परत दिला. जीवननं तो पिशवीत घातला. "मग तुम्ही सांगा त्यांना. मी पण येतो. कडी मीच लावली होती."

चांगला पोरगा आहे. हे त्याला कधी कळता कामा नये.

२८ एप्रिल, सोमवार

सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. आई शेवया मोडत होती.

२९ एप्रिल, मंगळवार

आजही नाही. सकाळी ती देवाजवळ होती, दुपारी सांजोऱ्या करत होती, संध्याकाळी मी पिंपळगावला. खरं म्हणजे मुद्दाम गेलो.

तांब्या अंगावरची राख काढून साध्या पाण्यानं धुतला. निळा डाग दिसतोय. दिसू दे.

काय सांगायचं ते संस्कृतात सुचतंय. प्रमाद, अपचार, प्रायश्चित्त, सगळे शब्द तयार, एकाहून एक वजनदार. मराठीत एकच वाक्य होतं: आई, मला माहीत होतं तरी मी झाकण लावायला सांगितलं. तेच बोलायचं. उद्या सकाळी, घागर भरायच्या आधी. भरल्यानंतर सांगणं म्हणजे वडिलांनाही फसवणं.

तिनं माझ्याशी बोलणं टाकलं तर? टाकू दे. तेरा वर्षं ती त्या तांब्याला एवढं जपते. तिला खरं कळण्याचा हक्क आहे.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

पाटावर घागर, वर खरबूज, आंबा, सांजोरी. जीवन हात जोडून भिंतीला टेकलेला. म्हटलं, आई, थांब. सगळं सांगितलं. पाऊण तासासकट.

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे गदगदायला लागले. डोळ्यांत पाणी. तसंच, लेख वाचला होता त्या दिवशीसारखं! मी पाया पडायला वाकलो तर पदर बाजूला झाला.

हसत होती. श्वास पुरेना एवढी.

"आरं, म्हातारा त्यात पाणी प्यायचा व्हय? मोहाची दारू असायची! रोज सांजच्याला. पाणी त्या तांब्यात पडतं ते आखाजीलाच. ते बी ते गेल्यावर."

सुवर्णाला दाराचा आधार घ्यावा लागला.

"आणि माझा लेख?"

"लय भारी व्हता. अजून आठवला का पोट दुखतं." डोळे पुसले. मग घागरीकडे बघत, हळू आवाजात, "तेरा वर्सं नुसतं पाणी पाजते त्यास्नी. मला बाईमानसाला कुटून आणता येनार दुसरं? त्या दिशी वास आला, तांब्या बी जागेवर नव्हता. म्हनलं, चला, पोराला सुचलं एकदाचं."

तांब्या माझ्या हातात दिला. निळा डाग पुढे करून.

"कोथमिरीमागचा डबा आण. अर्धाच वत. रिकाम्या पोटी त्यास्नी जास्त झेपायची नाय."

वहीवरचा आजचा सल्ला: "आता पाणी तोडावे."